यंत्रास आज्ञा देणारी ओळ

भाषा न येणाऱ्या परमुलखांत गेलेल्या प्रवाशाचें काम बोटानें भागतें. दुकानांत मांडलेल्या वस्तूकडे त्यानें बोट दाखवावें, पैसे मोजावे आणि वस्तु घ्यावी. परंतु जें मांडलेलें नाहीं तें त्याला मागतां येत नाहीं. 'उद्यां दहा वाजतां द्या, आणि हें नसेल तर तें द्या,' अशी अट त्याला घालतां येत नाहीं. त्यासाठीं वाक्य लागतें. श्रोतेहो, आज आपल्या घरांत मेजावर, मांडीवर आणि खिशांत जे संगणक आहेत, त्यांच्याशीं आपला बहुतेकांचा व्यवहार असाच बोटाचा आहे. चित्र दिसलें कीं त्याला स्पर्श करावा. चित्र नसेल तर तें काम यंत्राला येतच नाहीं अशी समजूत करून घ्यावी. वस्तुतः या यंत्रांशीं वाक्यानें बोलण्याची सोय चित्रांच्या आधींपासून आहे आणि ती अद्यापि बंद झालेली नाहीं. तिला 'शेल' म्हणतात. ही सोय कशी निर्माण झाली, आणि तिचा आपल्या पुण्याशीं व मराठीशीं काय संबंध आला, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणजे काय तें पाहूं. पुण्यांतील जुन्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें आणि चौकांत एकच नळ असे. पाणी ठराविक वेळच येई. कोणीं किती हंडे भरावे, कोणाची पाळी केव्हां, आणि एकाची बादली दुसऱ्यानें उचलूं नये, हें पाहणारा कारभारी नसेल तर रोज सकाळीं तंटा ठरलेला. संगणकांतहि तोच प्रकार आहे. गणित करणारा भाग, स्मरणाची जागा, कागदपत्रें सांठविण्याची तबकडी, कळफलक आणि पडदा हीं साधनें सामायिक. आणि त्यांचा उपयोग करूं पाहणारे कार्यक्रम पुष्कळ. कोणास किती वेळ द्यावा, किती जागा द्यावी, एकाच्या जागेंत दुसऱ्यास शिरूं देऊं नये, हें सर्व पाहणारा जो कारभारी कार्यक्रम, तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होय. इंग्रजींत त्यास 'कर्नल' म्हणतात. हा पलटणींतला कर्नल नव्हे. बदामांतील गर असा त्या शब्दाचा अर्थ आहे. गराभोंवतीं कवच असतें, तसें या गाभ्याभोंवतींचें जें कवच तें शेल. मनुष्याचा हात गरापर्यंत पोंचत नाहीं. तो कवचाशीं बोलतो. आणि कवच त्याची आज्ञा वाचून, तिचे शब्द सुटे करून, गाभ्याकडून काम करवून घेतें.

पहिल्या संगणकांना ना हा गर होता, ना हें कवच. आपल्याकडचेंच उदाहरण घ्यावयाचें तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्राध्यापक रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं एक संगणक स्वतः बांधला. १९६० सालीं तो पूर्णपणें चालूं झाला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणांत अवघे २,०४८ शब्द मावत. अशा यंत्राला बोलून कांहीं सांगण्याची सोय नव्हती. आपला प्रश्न कागदाच्या फितीवर भोंकें पाडून लिहावयाचा, फीत यंत्रास भरवावयाची आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला. तेव्हां फितीच्या जागीं ८० रकान्यांचीं पत्त्यांसारखीं कार्डें आलीं. संशोधकानें कार्डांचा गठ्ठा खिडकींत द्यावा आणि कांहीं वेळानें, कधीं दुसऱ्या दिवशीं, छापील उत्तर न्यावें. एखादा स्वल्पविराम चुकला तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ. हें संभाषण नव्हतें. हा टपालानें चाललेला पत्रव्यवहार होता.

पत्रव्यवहाराचें संभाषण झालें तें एका साध्या युक्तीनें. मनुष्य विचार करतो आणि टंकलेखन करतो तेवढ्या वेळांत यंत्र रिकामें बसतें. मग तो रिकामा वेळ दुसऱ्या मनुष्यास कां देऊं नये? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या सुप्रसिद्ध संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें ही युक्ति प्रत्यक्ष करून दाखविली. अनेक जण एकाच यंत्रास जोडलेले. प्रत्येकास क्षणाचा थोडासा अंश आळीपाळीनें. आणि प्रत्येकास वाटावें कीं यंत्र आपल्या एकट्याचेंच आहे. याच प्रणालीवर काम करणारा लुई पूझां नांवाचा फ्रेंच तंत्रज्ञ रोज त्याच त्या आज्ञा देऊन कंटाळला. त्यानें आज्ञांची यादी एका कागदपत्रांत लिहून ती एकदम चालविण्याचा 'रनकॉम' हा कार्यक्रम रचला. पुढें 'मल्टिक्स' नामक नव्या प्रणालीची आंखणी चालू असतां त्यानेंच सुचविलें कीं आज्ञा वाचणारा भाग गाभ्यापासून वेगळा असावा, आणि त्या भागास त्यानें 'शेल' हें नांव दिलें. ही गोष्ट १९६४-६५ च्या सुमाराची.

सूचना मोठी महत्त्वाची होती. आज्ञा वाचणारा भाग वेगळा झाला म्हणजे तो बदलतां येतो. कारभारी तोच ठेवून दारावरचा मनुष्य आपल्या भाषेंत बोलणारा नेमतां येतो. हें तत्त्व श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें मराठीच्या संदर्भांत तें उपयोगी पडणार आहे.

मल्टिक्सचा व्याप फार वाढला, आणि त्यांत भागीदार असलेली बेल प्रयोगशाळा १९६९ सालीं त्यांतून बाहेर पडली. तेथील केन थॉम्सन या तरुणास एक जुना, फारसा कोणी वापरीत नसलेला लहान संगणक मिळाला. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत त्याची पत्नी लहान मुलास घेऊन महिनाभर सासरीं कॅलिफोर्नियास गेली. तेवढ्या अवधींत गाभा, शेल, मजकूर लिहिण्याचें साधन आणि यंत्रभाषेंत रूपांतर करणारें साधन, यांस एकेक आठवडा देऊन त्यानें एक छोटी प्रणाली उभी केली. तीच 'युनिक्स'. डेनिस रिची या त्याच्या सहकाऱ्यानें 'सी' ही भाषा निर्माण केली, आणि १९७३ सालीं युनिक्स त्या भाषेंत पुन्हां लिहिली गेली. त्यामुळें ती एका यंत्रापुरती न राहतां नाना प्रकारच्या यंत्रांवर नेतां येऊं लागली.

आतां या शेलची भाषा कशी आहे तें पाहूं. पडद्यावर एक चिन्ह लुकलुकत असतें. त्याचा अर्थ 'सांगा' एवढाच. आपण एक ओळ लिहावयाची आणि 'एंटर'ची कळ दाबावयाची. ओळींतील पहिला शब्द म्हणजे क्रियापद. काय करावयाचें तें तो सांगतो. नंतरचे शब्द क्रियाविशेषणासारखे. कसें करावयाचें तें सांगणारे. शेवटीं कर्म, कोणावर करावयाचें तें. व्याकरण शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या माझ्यासारख्या शाळामास्तरास ही रचना पाहून आनंद होतो, कारण तींत अपवाद फार थोडे आहेत.

क्रियापदें मात्र विलक्षण आंखूड आहेत. 'एल-एस' म्हणजे यादी दाखव. 'सी-पी' म्हणजे नक्कल कर. 'एम-व्ही' म्हणजे हलीव. 'पी-डब्ल्यू-डी' म्हटलें कीं महाराष्ट्रांतील मनुष्यास सार्वजनिक बांधकाम खातें आठवावयाचें. येथें त्याचा अर्थ 'मी सध्यां कोठें आहें तें सांग' असा आहे. या आंखूडपणाचें कारण ऐतिहासिक आहे. त्या काळीं पडदे नव्हते. तारयंत्रासारख्या टंकयंत्रावर बोलणें चाले, तें सेकंदास जेमतेम दहा अक्षरें छापी आणि त्याच्या कळा दाबावयास जड. म्हणून दोन अक्षरांत काम उरकण्याची रीत पडली, ती टंकयंत्रें गेलीं तरी टिकली. त्याच कारणानें यंत्र मितभाषीहि झालें. काम बिनचूक झालें तर शेल कांहींच बोलत नाहीं. चुकलें तरच बोलतो. नवख्यास ही शांतता भिववते, पण ती शुभ आहे. भ्यावयाचें असेल तर 'आर-एम' या आज्ञेस भ्यावें. ती कागदपत्र नाहींसा करते. केराच्या टोपलींत ठेवीत नाहीं आणि बहुधा पुन्हां विचारीतहि नाहीं.

या भाषेंतील खरें सामर्थ्य वाक्यें जोडण्यांत आहे. डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६४ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, बागेंतील रबरी नळीस दुसरा तुकडा जोडावा तसे कार्यक्रम एकमेकांस जोडतां आले पाहिजेत. १९७३ सालीं थॉम्सननें ती सोय एका रात्रींत करून दिली, आणि पुढें तिच्यासाठीं उभी रेघ हें चिन्ह ठरलें. आपल्याकडे पोथ्यांत उभी रेघ वाक्य संपल्याची खूण असते. येथें ती एका कामाचें फळ दुसऱ्या कामाच्या ओंजळींत घालते. उदाहरण पाहा. एखाद्या वसतिगृहांत दोनशें मुली आहेत, आणि प्रत्येकीच्या गांवाचें नांव एकेका ओळींत लिहिलेला कागदपत्र यंत्रांत आहे. कोणत्या गांवच्या किती मुली, हें हवें आहे. 'सॉर्ट' ही आज्ञा नांवें क्रमानें लावते, त्यामुळें भोरच्या सर्व ओळी एकत्र, मुळशीच्या एकत्र येतात. उभी रेघ. 'युनीक' ही आज्ञा लागोपाठच्या सारख्या ओळींची एक ओळ करते आणि सांगितल्यास त्या किती होत्या तो आंकडा पुढें मांडते. पुन्हां उभी रेघ. पुन्हां 'सॉर्ट', पण या वेळीं आंकड्यांप्रमाणें, मोठा आधीं. एका ओळींत, निमिषांत, उत्तर हजर. यांतील एकहि कार्यक्रम 'गांववार मुली मोजणें' या कामासाठीं रचलेला नाहीं. तें काम वाक्य रचणाऱ्यानें निर्माण केलें. बोटानें दाखवणाऱ्यास नेमकें हेंच करतां येत नाहीं.

मग बोट पुढें आलें कसें? १९८४ सालीं ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टची विंडोज. चित्रें आलीं म्हणून लाखो लोक संगणकाजवळ आले, हा उपकार लहान नव्हे. पण हळूहळू असा समज पसरला कीं ओळ लिहिणें हें जुनाट लोकांचें काम. इतिहास निराळें सांगतो. ॲपलनेंच २००१ सालीं आपली प्रणाली युनिक्सच्या पायावर पुन्हां उभारली. आणि मायक्रोसॉफ्टनें २०१६ सालीं 'बॅश' हा युनिक्स परंपरेंतला शेल विंडोजमध्यें आणून दिला.

हा बॅश १९८९ सालचा. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या 'ग्नू' या मुक्त आज्ञावलीच्या चळवळीसाठीं ब्रायन फॉक्स यांनीं तो लिहिला. कोणींहि वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा आणि वांटावा, ही त्यामागची प्रतिज्ञा. ऑगस्ट १९९१ मध्यें फिनलंडमधील हेलसिंकी येथें लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण एक गाभा लिहीत असल्याचें जाहीर केलें. बॅश त्यावर चालूं लागल्याचें त्या निवेदनांतच त्यानें नमूद केलें होतें. तो गाभा म्हणजे 'लिनक्स'. आज ज्यांच्या खिशांत अँड्रॉइड जातीचा फोन आहे, त्यांच्या खिशांत तोच गाभा आहे.

१९९१ हें साल आपल्या दृष्टीनेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुणें विद्यापीठाच्या आवारांत १९८८ सालीं 'सी-डॅक' ही संस्था डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाली होती. अतिवेगवान संगणक देण्यास अमेरिका राजी नव्हती, तेव्हां ते येथेंच बांधावे हा तिचा उद्देश. शेंकडों लहान गणकांकडून एकच काम वांटून करून घेणारा 'परम ८०००' हा संगणक या संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केला. पुण्यांतच पाषाण येथील विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत २०१९ सालीं 'परम ब्रह्म' बसला. अशा महासंगणकांपाशीं चित्रांना फारसें स्थान नसतें. संशोधक आपल्या खोलींतून एक ओळ लिहितो आणि काम रांगेस लागतें. जगांतील सर्वांत वेगवान अशा पांचशें संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलें आहे.

त्याच १९९१ सालीं आमच्या कर्वेनगरांत महर्षि कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेनें स्त्रियांसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें. आज तें कमिन्स महाविद्यालय म्हणून ओळखलें जातें. ज्या जागेस आपण कर्वेनगर म्हणतों तें मूळचें हिंगणें बुद्रुक. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथबालिकाश्रम १९०० सालीं तेथें एका झोंपडींत आला, आणि तेथून अण्णासाहेब रोज पायीं फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवावयास जात. ज्या मुलींच्या हातीं पाटी देणें हेंच तेव्हां धाडस होतें, त्या माळावर आज त्यांच्या पणती-खापरपणतींच्या वयाच्या मुली यंत्रास लेखी आज्ञा देतात. अंगठ्याच्या जागीं सही आली तेव्हां जें घडलें, त्याच जातीची ही घटना आहे असें मला वाटतें. अंगठा उठविणाराहि व्यवहार करीतच होता. पण कागदावर काय लिहिलें आहे तें त्याला दुसऱ्यानें सांगावें लागे.

आतां मराठीचा प्रश्न. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या 'अस्की' या संकेतांत अवघीं १२८ स्थानें होतीं आणि त्यांत देवनागरीस एकहि नव्हतें. आपल्याकडे १९८६ सालीं 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक ठरला. कानपूरच्या आयआयटींत जन्मलेलें 'जिस्ट' हें तंत्र पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढलें. त्याचें कार्ड संगणकांत बसविलें कीं इंग्रजीसाठीं रचलेल्या कार्यक्रमांतहि देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांच्या 'इस्की' संकेतास १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. आणि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक 'युनिकोड' संकेतांत देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधींच्या मसुद्यावरून घेतली गेली.

तरी एक अडचण राहिली. शेल आणि गाभा अस्कीवर वाढलेले. त्यांना हीं नवीं अक्षरें कशीं पचावीं? येथें पुन्हां केन थॉम्सनच पुढें आला. सप्टेंबर १९९२ मध्यें न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत त्यानें आणि रॉब पाइकनें जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर 'यूटीएफ-८' ही लेखनपद्धति आंखली. तिच्यांत जुनीं इंग्रजी अक्षरें जशींच्या तशीं राहतात, आणि इतर अक्षरें दोन, तीन किंवा चार घटकांनीं लिहिलीं जातात. युनिक्स परंपरेंतील गाभ्यास नांवांत दोनच गोष्टी वर्ज्य: तिरपी रेघ, जी पत्त्याचे भाग पाडते, आणि शून्य घटक, जो नांवाचा शेवट दाखवतो. नव्या लेखनांत हे दोन घटक इतर अक्षरांच्या पोटांत कधीं येत नाहींत. म्हणून गाभ्यास मराठी शिकविण्याची गरजच पडली नाहीं. 'जमाखर्च' असें नांव द्यावें, तो मुकाट्यानें ठेवून घेतो.

अडचणी अगदींच संपल्या असें मात्र नाहीं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन घटक लागतात आणि नांवाची मर्यादा २५५ घटकांची. म्हणून इंग्रजींत २५५ अक्षरांचें नांव चालतें तेथें आपल्याला काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत भागवावें लागतें. केवळ संकेतांकावरून क्रम लावला तर 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्यें येतो. आपल्या वर्णमालेंत तो 'ह' च्या नंतर. आणि जोडाक्षरें लिहितांना पुष्कळ ठिकाणीं आज्ञेची ओळ अजून अडखळते, कारण तिच्या पडद्यावर प्रत्येक अक्षरास सारखीच चौकट आंखलेली असते.

राहतां राहिलें क्रियापद. नामें मराठी झालीं, तरी आज्ञा इंग्रजीच. पण कवच बदलतां येतें हें तत्त्व आपण वर पाहिलें. बॅशमध्यें 'एलियस' नांवाची आज्ञा आहे. तिनें कोणत्याहि आज्ञेस उपनांव देतां येतें. 'यादी म्हणजे एल-एस' असें एकदां सांगावें, कीं पुढें 'यादी' एवढेंच लिहिल्यानें काम होतें. हें उपनांव कायमचें हवें असेल तर तें 'बॅश-आर-सी' या सूचनापत्रांत नोंदवावें. त्यांतील 'आर-सी' हीं अक्षरें पूझांच्या 'रनकॉम'चीं आहेत. यादी, नक्कल, हलीव, मोज अशीं वीसएक क्रियापदें बसविलीं तर आठवीच्या मराठी शाळेंतील मुलास पहिल्या दिवसापासून या भाषेंत वाक्यें करतां येतील. इंग्रजी शब्द तो मागाहून सावकाश शिकेल. पुढें जातांना ते शिकावे लागतीलच, कारण जगाचा व्यवहार त्यांत चालतो. परंतु 'आधीं इंग्रजी, मग यंत्र' ही अट कोणा शास्त्रज्ञानें घातलेली नाहीं. ती आपण आळसानें पत्करली आहे.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांना एवढेंच सांगतों. प्रणालीचा जो सर्वाधिकारी, ज्याला 'रूट' म्हणतात, त्याच्या नांवानें आंत शिरूं नये. आपल्या साध्या नांवानें शिरलें म्हणजे हातून होणारें नुकसान आपल्या घरापुरतें राहतें. पहिले आठ दिवस केवळ पाहण्याच्या आज्ञा द्याव्या. मी कोठें आहें, येथें काय आहे, या कागदपत्रांत काय लिहिलें आहे. नंतर लिहिण्याच्या, आणि पुसण्याच्या सर्वांत शेवटीं. प्रत्येक आज्ञेची माहिती 'मॅन' या आज्ञेनें यंत्रच सांगतें. हीं माहितीपत्रकें इंग्रजींत आहेत. त्यांचीं चांगलीं मराठी रूपांतरें करणें हें काम कोणा एका विद्वानाचें नव्हे. ज्यांना दोन्ही भाषा येतात अशा पुण्यांतील शिक्षकांनीं आणि विद्यार्थिनींनीं महिन्यास एक पत्रक घेतलें, तरी चार-दोन वर्षांत मोठा सांठा होईल. बॅश आणि लिनक्स हीं लोकांनीं एकमेकांस वांटूनच मोठीं केलीं आहेत, आणि त्या वांटणींत भर घालण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.